तिसरी गंजी

मच्छे गाव मागे टाकून खानापूरच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला एक लांबट माळ होता. एका अंगाने ओहोळ, दुसऱ्या अंगाने लोंढ्याकडे जाणारा लोहमार्ग. माळावर दुसरं काही पिकत नसे, पण गवत असं माजायचं की आत बसलेला बैल दिसायचा नाही. माळ बेळगावच्या केशवराव वकिलांचा. राखायचा, कापायचा आणि रचायचा तो भावकूने. गवत निम्मं वकिलांचं, निम्मं भावकूचं.

निम्म्याची वाटणी म्हटली की कुरबुर ठरलेली. या दोघांत ती नव्हती. एका वर्षी भावकूने दोन गंज्या रचायच्या आणि केशवरावांनी हवी ती उचलायची. पुढच्या वर्षी केशवरावांनी उभं राहून गंज्या रचून घ्यायच्या आणि भावकूने निवडायचं. रचणाऱ्याने लबाडी केली तर तिचा फायदा दुसऱ्यालाच. एकदा वाऱ्याने एका गंजीचा शेंडा उडवून दुसरीवर टाकला, तर भावकू शिडी लावून वर चढला आणि ते गवत उतरवून जागच्या जागी ठेवू लागला. केशवराव खालून म्हणाले, "अजून एक मूठ राहिली बघ." दोघांपैकी कुणी हसलं नाही. आसपासच्या गावांत भावाभावांची भांडणं लागली की म्हातारी माणसं म्हणत, वाटणी करावी तर माळावरच्यासारखी.

भावकूच्या या काटेकोरपणाला कारण होतं. त्याच्या बापाला दुसऱ्या एका जमीनदाराने, वाटणीआधी भारा उचलला म्हणून रानातून हाकललं होतं. भारा बापाने उचललाच नव्हता. तेव्हापासून वाटणी होण्याआधी काडीला हात लावायचा नाही हे त्या घरात देवाच्या नेमासारखं पाळलं जाई.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बेळगावात पुन्हा उंदीर पडायला लागले. प्लेग माणसांच्या सवयीचा झाला होता. उंदीर दिसला की घराला कुलूप घालायचं, शहराबाहेर माळावर तट्ट्याची नाहीतर गवताची झोपडी उभी करायची आणि साथ ओसरेपर्यंत तिथे राहायचं. केशवराव आणि त्यांची बायको वासंतीबाई असेच बाहेर पडले. शहराच्या दक्षिणेला झोपड्यांची एक वस्तीच झाली होती.

इकडे माळावर कापणी संपली होती. पण ओहोळाच्या अंगाचं गवत ओलं होतं आणि त्यावरून वाटणी अडली. भावकू म्हणाला, "अण्णा, दोनीकडं सारखं मिसळून टाकू." केशवरावांचं म्हणणं, ओलं गवत आत गेलं तर गंजी तापते, कुजते. ते वाळू द्यावं, मगच वाटावं. भावकूला पटलं. सगळं गवत माळावरच पसरून, ढीग घालून ठेवलं आणि केशवराव वस्तीवर परत गेले. मग वस्तीतच कुणाला तरी प्लेगची गाठ आली, पहारा बसला आणि त्यांचं येणं लांबत गेलं.

त्याच दिवसांत माळावर ती बाई आली.

घाटाखालची होती. नवरा लोहमार्गावर खडी टाकायच्या कामाला होता, तो प्लेगात गेला. गँगच्या माणसांनी तिला तिथून उठवलं आणि तिने ओहोळापलीकडे चार काठ्या रोवून वर लुगडं टाकलं. कडेवर वर्षाचं मूल. ओहोळाकडून गार वारा यायचा तेव्हा ते मूल खोकायचं आणि तो खोकला माळावर ऐकू यायचा.

ती भावकूकडे आली आणि ढिगाकडे बोट करून म्हणाली, "माका थोडा गवत व्हया. झोपडेर घालूक. पोराक थंडी वाजता."

भावकूला दया आली. तो ढिगापर्यंत गेलासुद्धा. तिथून परत फिरला.

"बाई, हे अजून वाटल्यालं न्हाय गं. माझं एकट्याचं असतं तर भारा काय, गाडी दिली असती. निम्मं अण्णांचं हाय. त्यास्नी इचार. ते व्हय म्हणालं की लगेच ने."

त्या साली ज्याच्या त्याच्या गवतावर राखण होती. दुसरीकडे मागून उपयोग नव्हता. बाई मूल कडेवर घेऊन चालत शहराबाहेरच्या झोपड्यांच्या वस्तीवर गेली आणि पहाऱ्याची नजर चुकवून आत शिरली. केशवराव झोपडीबाहेर बसून कागद वाचत होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, तिला पाणी दिलं. मग म्हणाले, "त्यात भावकूचा निम्मा वाटा आहे बाई. त्याच्या वाट्यातलं गवत मी कसं देऊ? दोन दिवसांत पहारा उठेल. मी येतो, वाटणी करतो, मग माझ्यातलं हवं तेवढं ने."

"तो म्हणता तुमका इचार. तुमी म्हणतास त्याचा असा. मगे माका कोण देतलो?"

"दोन दिवस थांब," केशवराव म्हणाले. आत वासंतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बाईचा आवाज ऐकला, मुलाचा खोकला ऐकला, आणि नवरा सरळ आणि बरोबर बोलतो आहे असंच त्यांना वाटलं.

पहारा दोन दिवसांत उठला नाही. मार्गशीर्षात कधी येत नाही असा पाऊस आला. आभाळ काळं करून आला आणि पडतच राहिला. ओहोळ दोन्ही काठांवरून गेला. पाऊस थांबल्यावर भावकू पलीकडे गेला तर काठ्या नव्हत्या, लुगडं नव्हतं. चिखलात एक मातीचं मडकं उपडं पडलं होतं. लाइनीवरची माणसं म्हणाली, गेली असेल लोंढ्याला, तिथून आपल्या गावाला. भावकूला ते खरं मानावंसं वाटलं, त्याने मानलं. केशवरावांना सांगितलं तेव्हा त्यांनीही मानलं. मग दोघांनी गवत वाटून घेतलं. वरचं काळं पडलं होतं. तेही सारखं वाटलं.

पुढच्या वर्षी साथ नव्हती. गवत चांगलं आलं. रचायची पाळी भावकूची होती. त्याने माणसं लावून दोन गंज्या उभ्या केल्या, माणसांना घरी पाठवलं आणि केशवराव आल्यावर दोघे ओहोळाकाठच्या जांभळीखाली भाकरी खायला बसले. भाकरी खाऊन, हात धुऊन वर आले तेव्हा माळावर तीन गंज्या होत्या.

भावकूला आधी वाटलं, उन्हात डोळे दिपले. त्याने डोळ्यांवर हात धरला. तीनच.

"अण्णा, तुमी माणसं लावलासा व्हय?"

"मी तुझ्यासमोर भाकरी खात होतो ना?"

त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. पहिल्या दोन्ही गंज्या थोड्या बसक्या झाल्या होत्या, दोन्ही सारख्याच. त्यांतून निघालेलं गवत तिसरीत होतं. दावं धरून घेर मोजला. तिन्हींचा एक. तिसरीचा शेंडा मात्र गवताचाच पीळ घालून बांधलेला होता, आणि भावकू शेंडा कधी बांधत नसे.

"कुणीतरी थट्टा करतंय," केशवराव म्हणाले. त्यांनी कोट काढला आणि भावकूबरोबर स्वतः तिसरी गंजी फोडली, काट्याने गवत दोन्हीकडे टाकलं. घामाघूम झाले. सगळं मिटवून दोघे दावं ठेवायला गाडीकडे वळले. चार पावलांवर गाडी. दावं गाडीच्या साटीवर टाकून मागे बघितलं तर तीन गंज्या. आवाज झाला नव्हता. हवेत बारीक भुसकट तरंगत होतं आणि हळूहळू खाली बसत होतं.

बैल कान टवकारून ओहोळाकडे बघत होते.

केशवराव कोर्टात उभे राहणारे गृहस्थ. माघार घ्यायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "वाटणी आपल्या दोघांची. तिसरी निम्मी तुझ्या गाडीत भर, निम्मी माझ्या. आत्ता."

तसं केलं. पाठ न फिरवता गाड्या भरल्या आणि आपापल्या वाटेला लागले.

बेळगावात केशवरावांच्या घरामागे गोठा होता आणि त्यावर गवताचा माळा. गवत वर चढवलं त्याच्या दुसऱ्या दुपारी वासंतीबाई एकट्या घरात होत्या. केशवराव कोर्टात. बाहेर कडक ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. त्यांना माळ्यावर आवाज ऐकू आला. कुणीतरी गवतावरून हात फिरवत होतं. मग थोडं थांबून टप टप, जशी बायका पेंढी उभी धरून बुडखे सारखे करायला जमिनीवर आपटतात तशी.

"कोण आहे?" त्यांनी खालून विचारलं.

आवाज थांबला.

त्या शिडीने वर गेल्या. कुणी नव्हतं. काल ढिगाने टाकलेलं गवत आता मुठीएवढ्या पेंढ्यांत बांधलेलं होतं. बुडखे एका रेषेत. पेंढ्या एकीवर एक थोड्या सरकवून ओळींत मांडल्या होत्या, छप्पर शाकारताना मांडतात तशा. वासंतीबाईंनी एका पेंढीला हात लावला. ती ओली होती. गोठ्याचं छप्पर कौलारू, पावसाचे दिवस संपलेले, आणि गवत कोरडं ठणठणीत आणलेलं.

त्यांनी सगळ्या पेंढ्या सोडल्या. बोटं कापली, तरी सोडल्या. दुसऱ्या दुपारी टप टप पुन्हा सुरू झालं. त्या दिवशी त्या वर गेल्या नाहीत. देवघरापाशी बसून राहिल्या. मग गवतामधून एक बारीक खोकला आला. कोरडा, लहान मुलाचा. आणि वासंतीबाईंना तो ओळखू आला.

संध्याकाळी केशवराव आले तेव्हा त्या म्हणाल्या, "मागच्या वर्षी झोपडीत ती बाई आली होती ना तुमच्याकडे? मी आत होते."

केशवराव पगडी हातात धरून उभे राहिले. "मी तिला चुकीचं काय सांगितलं?"

"काहीच नाही," वासंतीबाई म्हणाल्या. "तुम्ही बरोबरच बोललात. मलाही तेव्हा तसंच वाटलं."

केशवराव शिडी चढून वर गेले, बराच वेळ वर होते. खाली आले तेव्हा त्यांच्या हाताला ओल्या गवताचा वास येत होता. गाय गव्हाणीकडे शेपूट करून उभी होती. तिने सकाळपासून तोंड लावलं नव्हतं.

भावकूच्या गोठ्यातही याहून वेगळं नव्हतं. त्याची बायको मालुबाई धारेला गेली तर म्हैस दाव्याला हिसके देत होती. गवत पेंढ्या पेंढ्यांनी रचलेलं. मालुबाईने एक पेंढी उचलून बाहेर उजेडात आणली.

"अवं, हिकडं या. ही गाठ बघा. आपण असा पीळ देतो व्हय? ही घाटाखालची बांधणी हाय. माझी आत्या तिकडं दिल्याली, तिच्या घरावर बघितली हाय मी."

भावकू भिंतीला पाठ लावून खाली बसला.

"ती लोंढ्याला गेली न्हाय," मालुबाई म्हणाली.

"म्हाईत हाय मला."

"कवापासनं?"

"मडकं बघितलं तवापासनं," भावकू म्हणाला. "गावाला जाणारी बाई मडकं टाकून जात न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी जुंपली, ते सगळं गवत भरलं आणि माळाकडे निघाला. मच्छे गावाजवळ मागून केशवरावांची गाडी येताना दिसली. तीही गवताने भरलेली. गाड्या पुढेमागे माळावर गेल्या. दोघांनी मिळून तिसरी गंजी पुन्हा रचली, पूर्वी होती तिथेच. रचून झाल्यावर शेंडा कसा बांधायचा हे दोघांनाही येईना. तसाच ठेवून ते निघून आले.

ती गंजी वर्षभर माळावर उभी राहिली. पावसाळ्यात भिजली, करडी झाली, पण कुजली नाही, कमीही झाली नाही. चरायला आलेली ढोरं तिच्याभोवतीची जागा सोडून चरायची. गुराखी सांगायचे, भर दुपारी गंजीच्या पलीकडच्या अंगाला कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. फिरून त्या अंगाला गेलं की ते या अंगाला असतं. वाटणीची ती म्हण लोकांच्या तोंडून गेली. माळाचं नाव निघालं की बोलणं दुसरीकडे वळायचं.

कापणीचे दिवस आले तेव्हा माणसं मिळेनात. भावकू आणि मालुबाईने आपल्याच नात्यातली दोनचार माणसं धरून कशीबशी कापणी उरकली. नव्या दोन गंज्या उभ्या राहिल्या. त्या दिवशी केशवरावांबरोबर वासंतीबाई आल्या होत्या. माळावर त्या पहिल्यांदाच येत होत्या. गाडीतून उतरून त्या जुन्या गंजीपाशी गेल्या आणि पदर सावरून उभ्या राहिल्या.

केशवराव म्हणाले, "भावकू, मी विचार केला. यंदापासून आपणच तीन वाटे करू. तिसरा तिचा. दरवर्षी."

"करू की अण्णा. मला मंजूर हाय."

मालुबाई डोक्यावरची पाटी उतरवत होती. ती म्हणाली, "तिनं वाटा कुठं मागितला हुता? वाटं तुमी दोघं करतासा. तिनं इचारलं हुतं. तिला व्हय कुणी म्हटलं न्हाय."

भावकूला ते लागलं. "मी न्हाय म्हटलं न्हवतं."

"व्हय पन म्हटलं न्हाय."

मग वासंतीबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघे जांभळीकडे जा. मी इथे बसते."

"आक्का, नगासा," भावकू म्हणाला. "दुपार हाय."

"म्हणूनच." त्या जुन्या गंजीकडे तोंड करून जमिनीवर बसल्या. मालुबाई त्यांच्या शेजारी येऊन बसली. पुरुष काही वेळ घुटमळले आणि ओहोळाकडे उतरून गेले. जाताना केशवराव दोनदा थांबले, पण परतले नाहीत.

ऊन डोक्यावर होतं. कापलेल्या गवताचे खुंट चमकत होते. लांबून मालगाडी गेली आणि तिचा आवाज सरला, तसा माळावरचा सगळाच आवाज सरला. टिटवी गप्प झाली. वारा पडला. मग ओल्या राखेचा वास आला, विझलेल्या चुलीत पाणी गेल्यावर येतो तसा. मालुबाईने वासंतीबाईंचा हात धरला.

त्यांच्या पाठीमागे, अगदी जवळ, मूल खोकलं.

वासंतीबाईंना मागे वळावंसं वाटलं, पण मान हलेना. कुणीतरी दमलेलं माणूस उभं असावं तसा श्वास ऐकू येत होता. आणि मग आवाज आला. रागाचा नव्हता. वाट बघून कंटाळलेल्या माणसाचा होता.

"घेव?"

वासंतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गंजीकडे बघतच म्हटलं, "घे बाई. घे."

काहीच झालं नाही. गंजी तशीच. श्वास तसाच.

"घेव?"

वासंतीबाईंना कळेना. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं. मालुबाई थिजल्यासारखी बसली होती, ओठ कोरडे, डोळे मिटलेले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपलं एकटीचं हो पुरणारं नाही. निम्मं हिच्या घरचं आहे.

"मालुबाई," त्या हळूच म्हणाल्या. "ती तुम्हालाही विचारतेय."

मालुबाईने दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा आवाज फुटला. "घे गं बाई. समदं घे. पोराला पांघरूण घाल."

जुन्या गंजीचा शेंडा खाली बसला. मग गंजी मुठीमुठीने कमी होऊ लागली. काढणारा हात दिसत नव्हता. पण गंजीपासून ओहोळापर्यंत कापलेले खुंट एकामागून एक दबत गेले, पुन्हा उठत गेले. कुणीतरी ओझं घेऊन जात होतं, मोकळ्या हाताने परत येत होतं, पुन्हा जात होतं. घाई नव्हती. दोघी बायका हातात हात धरून ते बघत बसल्या. मालुबाई नंतर सांगायची की भीती सुरुवातीलाच वाटली. पुढे पुढे तर वाटलं, उठून तिला हात लावावा, दोन भारे उचलून द्यावेत.

शेवटची मूठ गेली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. गंजीच्या जागी खालचं गवत पांढरंफटक होतं, दगड उचलल्यावर खाली असतं तसं.

पुरुष वर आले. केशवरावांनी मोकळी जागा बघितली, बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"काय झालं?"

"तुमचं निम्मं मी देऊन टाकलं," वासंतीबाई म्हणाल्या. "तुम्हाला न विचारता."

"आनि तुमचं मी," मालुबाई भावकूला म्हणाली.

भावकूने डोक्याचा रुमाल काढला आणि त्यात तोंड लपवलं. केशवराव त्याच्या शेजारी उभे राहिले. त्यांनी भावकूच्या पाठीवर हात ठेवला. तोवर त्यांनी कधी तसं केलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या वर्षी दोन गंज्या दोनच राहिल्या. दोघांनी मुद्दाम पाठ फिरवून बघितलं, जांभळीखाली जाऊन आले, तरी दोन. विश्वास बसेना म्हणून गंज्या रात्रभर तशाच ठेवल्या आणि सकाळी बायकांसह चौघेही माळावर आले. दव भरपूर पडलं होतं. गंज्या दोन होत्या.

बैलांना पाणी पाजायला मालुबाई ओहोळावर उतरली. पलीकडच्या चढावर तिला धुराची एक बारीक रेघ दिसली. सरळ वर जाणारी. तिथे घर नव्हतं, पालही नव्हतं. तिने बाकीच्यांना हाक मारली.

चौघे पाण्यातून पलीकडे गेले. तिथे पोहोचेपर्यंत धूर नाहीसा झाला होता. चढावर उभं गवत होतं, दवाने पांढरं झालेलं. चालताना वासंतीबाईंचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. आणि त्या ओल्या गवतात मध्येच एक चौकोन कोरडा होता. लहानसा, एक बाई आणि एक मूल आडवं होईल एवढा. त्या चौकोनावर दव पडलंच नव्हतं. आतलं गवत एका बाजूला दबलेलं होतं. भावकूने वाकून कडेच्या मातीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"गरम हाय," तो म्हणाला.

केशवरावांनी पायातल्या वहाणा काढल्या. आत जायचं की नाही ते त्यांना कळेना. ते तसेच अनवाणी, ओल्या गवतात उभे राहिले.

"हाक मारून बघू?" वासंतीबाईंनी विचारलं.

"काय म्हणून मारायची आक्का?" मालुबाई म्हणाली. "नाव काय तिचं?"

भावकूने केशवरावांकडे बघितलं. केशवरावांनी भावकूकडे. तिचं नाव त्या दोघांपैकी एकानेही विचारलेलं नव्हतं.

मालुबाई वाट बघून थांबली. मग चौकोनाच्या कडेला बसली, आणि शेजारणीच्या दारातून बोलावं तसं आत तोंड करून म्हणाली, "बाई, आमी निघालू गं. गाड्या भरायच्या हाईत."

चौघे ओहोळ ओलांडून वर आले. मग बैल जुंपले आणि ऊन वर येईपर्यंत गाड्या भरत राहिले.